पापण्यांचे केस विरळ झालेत, सीरम लावू का?

प्रश्न असा आहे: "वय 49. शाळेत शिकवते, नरेंद्रनगरहून सदरला रोज स्कूटीनं जाणं-येणं. दीड वर्षापासून पाळी मागेपुढे होते. पापण्यांचे केस एवढ्यात फार विरळ झालेत, आरशात डोळे उघडेबोडके दिसतात. सहा महिने रात्री एरंडेल लावलं, काही झालं नाही. आता मुलीनं ऑनलाइन सीरम मागवून दिलंय. माझ्या मैत्रिणीला त्यानंच सहा आठवड्यांत फरक पडला. पण माझ्या वडिलांना काचबिंदू होता, म्हणून डोळ्याला काही लावायची भीती वाटते. लावू की नको?"

ताई, बाटलीचं सील फोडलं नसेल तर तसंच राहू द्या. फोडलं असेल तरी बाटली फेकू नका, खोकं तर मुळीच नाही. त्याचं काम पुढे आहे.

तुमच्या प्रश्नातल्या दोन वाक्यांपाशी मी थांबले. एक म्हणजे मैत्रिणीला सहा आठवड्यांत पडलेला फरक आणि दुसरं वडिलांचा काचबिंदू. तुम्हाला या दोन वेगळ्या गोष्टी वाटत असतील. त्यांचं नातं अगदी जवळचं आहे.

नागपुरात धंतोलीला माझा डोळ्यांचा दवाखाना आहे, चोवीस वर्षं झाली. सुरुवातीच्या काळात इतवारीतले धान्याचे एक व्यापारी यायचे. काचबिंदू फक्त उजव्या डोळ्यात, म्हणून उजव्याच डोळ्यात रोज रात्री लॅटानोप्रोस्टचा एक थेंब. पाचेक महिन्यांनी त्यांची बायको सोबत आली. मी डोळ्याचं प्रेशर मोजत होते, आणि त्या बाजूच्या स्टुलावरून म्हणाल्या, "मॅडम, यांची एकाच डोळ्याची पापणी नवरीसारखी काहून होऊन राह्यली?" मी दिवा वळवून पाहिलं. डाव्या डोळ्याचे केस साठीच्या माणसाचे असतात तसेच, आखूड आणि पिंगट. उजव्याचे काळेभोर, लांब, वर वळलेले. इतके लांब, की चष्म्याच्या उजव्या काचेवर आतून बारीक तेलकट रेघांची ओळ उमटली होती. डावी काच स्वच्छ.

यात माझा शोध काहीच नव्हता. लॅटानोप्रोस्ट 1996 मध्ये अमेरिकेत काचबिंदूसाठी बाजारात आलं आणि वर्षभरातच पापण्या वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या. त्याच कुळातलं बिमाटोप्रोस्ट 2001 मध्ये आलं, तेही काचबिंदूसाठीच. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हा दुष्परिणामच विकता येईल. डिसेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 0.03 टक्के बिमाटोप्रोस्टला पापण्यांच्या केसांसाठी मान्यता दिली. त्यामागच्या चाचणीत 278 जण होते आणि ती 16 आठवडे चालली. औषध लावणाऱ्यांपैकी 78 टक्के लोकांच्या पापण्यांत नजरेला दिसेल असा फरक पडला, औषधाविना नुसतं द्रावण लावणाऱ्यांत 18 टक्के. लांबी सरासरी 25 टक्क्यांनी वाढली, भरगच्चपणा दुपटीच्या किंचित वर गेला.

म्हणजे "हे सगळं थोतांड आहे" असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते काम करतं. पण जे काम करतं ते काचबिंदूचं औषध आहे, आणि तुमच्या वडिलांना कदाचित त्याच कुळातला थेंब दिला गेला असेल. सहा आठवड्यांत डोळ्यांत भरेल असा फरक तेलानं, पेप्टाइडनं, जीवनसत्त्वानं पडत नाही. मैत्रिणीला तो खरंच पडला असेल, तर त्या बाटलीत या कुळातलं काहीतरी असण्याची शक्यता मी जास्त धरेन.

सहा आठवड्यांवर माझा एवढा डोळा का, तर पापणीच्या केसाचं वेळापत्रक डोक्याच्या केसापेक्षा फार वेगळं. डोक्याचा केस वर्षानुवर्षं वाढत राहतो. पापणीचा केस महिना-दोन महिने वाढतो, तेही दिवसाला मिलिमीटरच्या जेमतेम आठव्या भागाइतका, आणि थांबतो. मग कित्येक महिने नुसता बसून राहतो आणि एक दिवस गळतो. दिवसाकाठी दोन-चार केस गळणं नेहमीचंच. लहानपणी तो मुठीवर ठेवून, डोळे मिटून, काहीतरी मागून फुंकर मारायचो, आठवतं ना? चाळिशी-पन्नाशीत वाढीचा काळ आखडतो, नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि फिका येतो. बिमाटोप्रोस्ट बसलेल्या मुळांना उठवतं आणि वाढीचा काळ लांबवतं. म्हणून फरक बहुतेकींना आठव्या आठवड्याच्या आसपास, एखादीला थोडा आधी, कळू लागतो आणि सोळाव्यापर्यंत पुरता दिसतो. औषध थांबलं की काही आठवडे ते काही महिन्यांत पापण्या मूळ पदावर. भाड्याच्या घरासारखं आहे, भाडं भरताय तोवर तुमचं.

आता त्या भाड्याबद्दल. खाज आणि लाली बऱ्याच जणींना होते, ती सांभाळता येते. पापणीची कातडी काळवंडते. आपल्या सावळ्या रंगावर ते आणखी उठून दिसतं आणि आधीच्या काळ्या वर्तुळांत भर पडते. बंद केल्यावर ते बहुतेक हळूहळू उतरतं. बुबुळाचा रंग गडद होऊ शकतो आणि तो मात्र परत येत नाही. काळ्याभोर डोळ्यांत हे कुणाला कळणारही नाही, घाऱ्या डोळ्यांनी विचार करावा. औषध जिथे ओघळेल तिथे लव वाढते, गालावरसुद्धा.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. डोळ्याभोवती चरबीची एक मऊ गादी असते. या कुळातली औषधं महिनोन्महिने लावली की ती गादी काही जणींमध्ये झिजते. वरची पापणी खोबणीत आत ओढली जाते, डोळा खोल जातो, कधी पापणी थोडी खाली येते. पन्नाशीकडे ही गादी वयानंच कमी होत असते. दोन वर्षांपूर्वी एक बाई आल्या, पार्लरमधून घेतलेलं सीरम वर्षभर लावत होत्या. केस खरोखर सुंदर. पण तक्रार अशी, "सगळे विचारतात, आजारी होती का?" जुन्या लग्नाच्या अल्बममधला फोटो शेजारी ठेवला तेव्हा त्यांनाच दिसलं. सीरम बंद केल्यावर सहा-आठ महिन्यांत बरंच भरून आलं, पूर्ण नाही. आणि त्यांच्या बाटलीवर ठळक अक्षरांत काय होतं, तर वनस्पतींच्या अर्काचं नाव.

म्हणून ते खोकं जपून ठेवा म्हटलं. घटकांची यादी बारीक अक्षरांत असते, मोबाइलनं फोटो काढून मोठी करा आणि पी-आर-ओ-एस-टी ही पाच अक्षरं शोधा. आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट, एथिल टॅफ्लुप्रोस्टामाइड, किंवा डीक्लोरोपासून सुरू होऊन क्लोप्रोस्टेनोलामाइडला संपणारं एक गाडीभर लांबीचं नाव. ही सगळी त्याच कुळातली, सौंदर्यप्रसाधनाच्या कपड्यांत. बिमाटोप्रोस्टची निदान चाचणी झाली आहे, मात्रा ठरलेली आहे. या भावंडांची तेवढी तपासणी झालेली नाही, आणि युरोपातल्या ग्राहक-सुरक्षा समितीनंही त्यांच्याबद्दल काळजी व्यक्त केली आहे. यादीत तसं काही नसेल, नुसते पेप्टाइड, पँथेनॉल, बायोटिन, हायल्युरॉनिक ॲसिड असेल, तर डोळ्याला सोसतंय तोवर लावा. केस थोडे मऊ राहतील, तुटणं कमी होईल. नवे उगवण्याची आशा धरू नका.

पण ताई, हे सगळं नंतरचं. आधी तुमच्या पापणीची कड कुणीतरी भिंगाखाली पाहायला हवी. केस का गळतायत हे न बघता सीरम लावणं म्हणजे छत गळत असताना भिंतीला रंग देणं.

तुमच्या वयात आणि आपल्या गावात मला सगळ्यात जास्त काय सापडतं, तर पापणीच्या कडेची सूज. केसांच्या मुळांमागे तेलग्रंथींची ओळ असते, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या 20 ते 30. पाळी जायच्या सुमारास संप्रेरकं बदलतात, तेल घट्ट होतं, तोंडं बुजतात, अश्रू लवकर सुकतात. त्यात नागपूरचा मे महिना. पारा 45 च्या पुढे, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापणारे नऊ दिवस, सुरू, अंगावर येणाऱ्या झळा, स्कूटीवर तोंडाला घट्ट बांधलेला दुपट्टा, आणि त्याची कड दर सिग्नलला वर सरकवताना पापणीवरून घासली जाते. घरी आलं की कुलरची हवा थेट तोंडावर. डोळे चुरचुरतात, माणूस चोळतो, आणि चोळण्यात तेच केस जातात जे आधीच सैल आहेत. आतल्या कडेवर काजळ ओढायची सवय असेल तर ग्रंथींची तोंडं त्यानंही बुजतात. सुरम्यात तर शिसं निघू शकतं, तो नकोच.

या सुजेत बऱ्याचदा एक भाडेकरूही असतो. डेमोडेक्स नावाचा किडा, नुसत्या डोळ्याला न दिसणारा, मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाइतका. मोठ्यांपैकी पुष्कळांच्या चेहऱ्यावर तो असतोच. संख्या वाढली की त्रास. यंत्रावर हनुवटी टेकवून खाली बघायला सांगितलं की दिसतं: प्रत्येक केसाच्या मुळाशी पारदर्शक, मेणचट बांगडी, जणू केसाला कुणी गळपट्टा घातलाय. असा एक केस चिमट्यानं उपटून काचेवर ठेवला आणि रुग्णाला सूक्ष्मदर्शकातून दाखवला, की नंतर पापण्या स्वच्छ ठेवा हे परत सांगावं लागत नाही. एका आजींनी पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मले दाखवाले नाही पाह्यजे होतं तुम्ही."

यावर उपाय साधा आहे आणि कंटाळवाणा आहे. स्वच्छ रुमाल गरम पाण्यात पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटं, थंड झाला की परत पिळायचा. मग केसांच्या मुळांवरून, पापणी मिटून, पापण्यांसाठीच्या ओल्या पुसणीनं आडवं हलकं पुसायचं. रोज, निदान दोन महिने. किडा असेल तर टी-ट्रीचा अंश असलेली पुसणी देतो, पण बाटलीतलं निव्वळ टी-ट्री तेल डोळ्याजवळ नेऊ नका, पोळतं. सूज गेली की केस पुष्कळदा आपोआप परत येतात, आणि सीरमचं खोकं तसंच कपाटात राहतं.

दुसरं थायरॉइड. इथे मला माझीच चूक सांगायला हवी. दहा-बारा वर्षांपूर्वी बँकेत नोकरी करणाऱ्या एक बाई आल्या, वय 47. पापण्या विरळ, लेकीचं लग्न चार महिन्यांवर. कड स्वच्छ दिसली आणि त्यांचा आग्रह होता, म्हणून मी बिमाटोप्रोस्ट लिहून दिलं. तीन वेळा समोर बसल्या. तिसऱ्यांदा डिसेंबरात आल्या तेव्हा स्वेटरवर शाल होती आणि आवाज घोगरा. नागपूरची थंडी, कुडकुडणं आलंच, असं मी मनात म्हटलं. मग चिठ्ठी लिहिता लिहिता नजर भुवयांवर गेली. दोन्ही भुवयांचा बाहेरचा तिसरा भाग नव्हताच, पेन्सिलनं काढलेला होता. थायरॉइडच्या रक्त तपासणीत टीएसएच भरपूर वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड मंदावलेलं. ती पेन्सिलची रेघ तीनही वेळा माझ्यासमोर होती. तेव्हापासून पापण्यांसाठी येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी भुवया पुसायला लावते.

तेव्हा टीएसएच, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा, तपासून घ्या. पाळी अनियमित असली की कधी महिनोन्महिने जास्त रक्त जातं आणि लोह तळाला गेलेलं असू शकतं. आणि एक गोष्ट: केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसं सांगा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या चाचणीत घोळ घालतं, आजार असून आकडे भलतेच येतात. केसांसाठी घेतलेल्या गोळीनं केस जाण्याचं कारणच झाकलं जातं. बायोटिनची कमतरता नसेल तर तशीही त्या गोळीनं पापण्या वाढत नाहीत.

काही गोष्टींसाठी मात्र वाट बघू नका. केस सगळीकडे विरळ न होता एकाच जागचे गेले असतील, तिथे गाठ असेल, किंवा रांजणवाडी त्याच ठिकाणी परत परत येत असेल, तर लगेच दाखवा. पापणीच्या तेलग्रंथीचा कर्करोग असाच साध्या रांजणवाडीचं सोंग घेऊन बसतो, आणि तो आपल्याकडे गोऱ्या लोकांपेक्षा जास्त दिसतो. तुकडा काढून तपासल्याशिवाय त्याचं निदान होत नाही. गोल चकतीसारखे केस गेले, डोक्यातही तशी चाई असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ. पापण्यांबरोबर भुवयाही जात असतील आणि अंगावर बधिर चट्टा असेल तर कुष्ठरोगही डोक्यात ठेवावा लागतो. वरोऱ्याचं आनंदवन ज्या भागात आहे त्या भागातल्या डॉक्टरनं हे विसरून चालत नाही. त्याची औषधं सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात आणि आजार बरा होतो, लाजायचं काही कारण नाही.

हे सगळं बघून झालं, काही निघालं नाही, आणि तरी तुम्हाला केस हवे असतील, तर मी नाक मुरडणार नाही. पन्नाशीत आरशात बरं दिसावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. मग निनावी सीरमपेक्षा चिठ्ठीवरचं बिमाटोप्रोस्ट बरं, निदान आत काय आहे ते माहीत असतं. पण तुमच्या बाबतीत त्याआधी डोळ्याचं प्रेशर आणि डोळ्यामागची नस तपासायची. वडिलांना काचबिंदू, म्हणजे तुम्हालाही तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त. चाळिशीनंतर ही तपासणी तुमची व्हायलाच हवी होती. हे औषध प्रेशर खाली आणू शकतं, त्यामुळे आधीचा आकडा आपल्याकडे नोंदलेला हवा. आणि पुढे कधी काचबिंदूचे थेंब सुरू झाले तर पापण्यांना काय लावता ते त्या डॉक्टरांना सांगायचंच, कारण एकाच कुळातली दोन औषधं एकत्र झाली की थेंबांचा परिणाम कमी होऊ शकतो. डोळ्याच्या आत पूर्वी सूज येऊन गेली असेल, मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये काही गुंतागुंत झाली असेल, तर मी देत नाही.

लावायची रीत. रात्री तोंड धुऊन, लेन्स असतील तर काढून. एक थेंब निर्जंतुक ब्रशवर घ्यायचा, बाटलीचं टोक कशाला न लावता. फक्त वरच्या पापणीच्या मुळांवर, आयलायनर ओढतो तशी एक रेघ, आतून बाहेर. जास्तीचं लगेच टिपायचं. खालच्या पापणीला लावायचं नाही, मिटल्यावर तिला हवं तेवढं आपोआप पोचतं. दुसऱ्या डोळ्याला नवा ब्रश. एखादी रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. बाटली साधारण 25 अंशांच्या खाली ठेवायची असते, म्हणजे आपल्याकडे एप्रिल ते जून फ्रिजच्या दारात. भर उन्हात डिलिव्हरीवाल्याच्या पिशवीत दोन तास फिरून आलेल्या बाटलीत काय उरलं असेल, याचा भरवसा मी देणार नाही. चार महिन्यांनी या, तोवर दर महिन्याला चष्मा काढून, समोरून, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढा. केसांचा फोटो सगळ्याच काढतात, मला वरच्या पापणीची घडी दिसायला हवी.

एरंडेलाचं म्हणाल, तर ते केसावर चढतं, चमक येते, केस जाड भासतो. मुळाला त्याचा काही पत्ता नसतो. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल पापणीवर फिरवू नका, त्यातलं अल्कोहोल डोळ्यात गेलं की आग होते. लग्नसराईत नकली केस डिंकानं चिकटवून घेता, त्याच्या वजनानं आणि ओढीनं स्वतःचे केस जातात. मस्करा जरूर लावा, पण कोमट पाण्यानं निघणारा घ्या. वॉटरप्रूफ काढताना जे रगडणं होतं त्यात दर वेळी चार केस कापसावर येतात. तीन महिन्यांनी नळी बदला, अर्धी उरली असली तरी.

तपासणीला येताना काजळ, मस्करा, भुवयांची पेन्सिल काही नको. सीरम खोक्यासकट आणा, चालू औषधांच्या पट्ट्या आणा, आणि चार-पाच वर्षांपूर्वीचा चेहरा जवळून दिसेल असा एक फोटो. बाहुल्या मोठ्या करायला थेंब घालीन, त्यानंतर तीन-चार तास उन्हाकडे बघवत नाही, म्हणून त्या दिवशी स्कूटी घरी ठेवा.